गाडीतली बाई

१

चहाचा कप बशीत ठेवत आई म्हणाली, "गाडीत एक बाई आहे."

टेबलापाशी तिची दोन्ही मुलं होती. धाकट्याचा घास तोंडातच राहिला. थोरलीने वर्तमानपत्र खाली घेतलं. आई बोलकी होती, पण भलतंसलतं बोलणारी नव्हती. बाबांना जाऊन जेमतेम चार महिने होत होते, तेव्हा अशा वाक्यावर हसावं की घाबरावं, हे दोघांनाही चटकन ठरवता येईना.

"कुठली बाई?" थोरलीने जपून विचारलं.

"ते मला काय माहीत? तुझे बाबा होते तोवर तिचं नाव नाही की आवाज नाही. ते गेले, आणि ही येऊन बसली. बोलते तर अशी, की गाडी जणू तिच्याच नावावर आहे. इकडे वळा, तिकडे वळा. माझ्या सासूनेसुद्धा मला असं कधी फर्मावलं नाही."

मग उलगडा झाला. आदल्या दिवशी थोरली आईला मावशीकडे घेऊन गेली होती. बाबा गेल्यापासून उभी असलेली गाडी त्या दिवशी पहिल्यांदा बाहेर निघाली. थोरलीला रस्ता माहीत नव्हता. गाणी लावायची आणि नकाशाही दाखवायचा, अशी दोन्ही कामं करणारा एक पडदा गाडीत पुढे बसवलेला होता. त्यावर तिने मावशीचा पत्ता घातला. त्याबरोबर चारही दारांतून एका बाईचा खणखणीत आवाज आला आणि आई पट्ट्यासकट सीटवरून उडाली. पुढे त्या बाईने दोघींना नदीवरच्या लांबलचक पुलावर नेऊन घातलं. या गाडीतून बाबा आईला कधी त्या पुलावरून नेत नसत. ही गाडी घेतल्यापासून त्यांनी मावशीकडे जायचा दुसराच, जवळचा रस्ता शोधून काढला होता. पूल संपेपर्यंत आई डोळे मिटून बसली आणि घरी येताना एकच वाक्य बोलली, की यंत्राचं डोकं फिरलंय.

धाकट्याचं म्हणणं पडलं, की सगळ्याच गाड्यांत अशी बाई असते. आई म्हणाली, सगळ्या गाड्यांचं मला सांगू नकोस. या गाडीत ती सात वर्षं बसत आली होती आणि या गाडीला बाईची गरज कधी पडलीच नव्हती. ते खरंच होतं. बाबांना नातेवाईक 'नकाशा' म्हणत. कुठलाही पत्ता सांगा, गाडी सरळ दारात उभी. एखादा पाहुणा वाट चुकला आणि त्याने फोन केला, तर बाबा त्याला डावं-उजवं सांगत बसत नसत. "आहात तिथेच थांबा, मी येतो," म्हणत आणि जातीने जाऊन घेऊन येत. असा अगत्याचा माणूस.

"देऊन टाका ती," आई म्हणाली. "ही ती गाडी नाही."

धाकट्याला हेच हवं होतं. त्याच्या ऑफिसातला एक जण रविवारी गाडी बघायला यायचाच होता. थोरलीला मात्र गाडी जायला नको होती. कारण तिने सांगितलं नाही. बाबांनी मागे सरकवलेली ड्रायव्हरची सीट तिने तशीच राहू दिली होती आणि पाय पोचावेत म्हणून पाठीशी दोन उशा घेऊन गाडी चालवली होती.

"यंत्र पूर्वीसारखं झालं तर?" तिने विचारलं.

आईने थोडा विचार केला. "झालं तर ठेवू. पण अगदी पूर्वीसारखं. आणि ती बाई खाली उतरली पाहिजे."

रविवार तोंडावर आला होता. थोरलीने आत्याला फोन लावला.

२

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. तिने जन्मभर दातांचा दवाखाना चालवला होता, आणि तो बंद करून वर्षं लोटली तरी कोणीही भेटलं की तिची नजर आधी जबड्यावर जाई. गाडी तिला चालवता येत नसे. गाडीच्या पोटात काय असतं, याचं कुतूहलही नव्हतं. पण माणसं खोटं कशी बोलतात, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? रोज दोनदा दात घासतो असं तोंड वासून शपथेवर सांगणारे तिने हजारोंनी पाहिले होते.

ती टॉर्च घेऊनच आली. आईच्या जागेवर बसून तिने पडदा सुरू करायला सांगितला. थोरलीने बाईचा आवाज ऐकवायची तयारी केली, तर आत्याने हातानेच नको म्हटलं.

"दुखतो एक दात, किडलेला असतो भलताच. पेशंट बोट दाखवेल तिथे बघायचंच नसतं. वाजले किती?"

दुपार होती. पडद्यावरचं घड्याळ पहाट दाखवत होतं. रेडिओ लावायला सांगितला, तर बाबांनी निवडून ठेवलेल्या स्टेशनांपैकी एकही जागेवर नव्हतं. नुसती खरखर. पडद्याचा उजेड बाबांनी मंद करून ठेवलेला असे, तो डोळ्यांत खुपत होता.

"याला बाईचा आजार नाही," आत्या म्हणाली. "याला विसर पडलाय. शिकवलेलं सगळं पुसलं गेलंय. मधेच वीज तोडली असणार."

गाडी इतके दिवस उभी होती, बॅटरी उतरली असेल, असं थोरलीला वाटलं. आत्याने विचारलं, काल गाडी सुरू व्हायला किती कुरकुरली? थोरली म्हणाली, अजिबात नाही, पहिल्याच चावीत सुरू झाली.

"म्हणजे बॅटरी ठणठणीत, आणि आठवण तेवढी गेली. आमच्याकडे याला भूल म्हणतात." आत्याने टॉर्च बंद केला. "आणि भूल आपोआप चढत नाही गं. कोणीतरी सुई टोचावी लागते."

३

पहिला संशय धाकट्यावर. गाडी विकायची घाई त्यालाच होती. आत्याने त्याला जेवताना गाठलं. तोंड भरलेल्या माणसाला शब्द सजवता येत नाहीत, असा तिचा अनुभव होता. घाई कशाची, या प्रश्नावर त्याने घास गिळला आणि ताटाकडे बघत म्हणाला, "जिना उतरलं की समोर तीच दिसते." आत्याने त्याला आणखी भाजी वाढली.

मग ती त्याला खाली घेऊन गेली आणि बॉनेट उघडायला सांगितलं. त्याने आधी पेट्रोलचं झाकण उघडलं, मग डिकी. तिसऱ्या प्रयत्नात वायपर सुरू झाले. आत्याने त्याचं नाव यादीतून काढून टाकलं.

एवढा वेळ ओशाळून उभा राहिल्यावर काहीतरी बोलायचं म्हणून त्याने गाडीची तारीफ केली. बाबा तिला फार जपत, दुसऱ्याला हात लावू देत नसत. आई घराला कुलूप लावून येईपर्यंत ते आधीच खाली जाऊन गाडीत बसलेले असत, इंजिन गरम करत. अगदी उन्हाळ्यातसुद्धा. टायर तर असे, की बघायलाच नको. जुन्या गाडीच्या वेळी बाबा दर प्रवासात दोन-दोनदा उतरून हवा बघत, हिची एकदाही बघावी लागली नाही. रविवारी गिऱ्हाइकाला हे सांगायला हवं.

"उन्हाळ्यातसुद्धा," आत्या स्वतःशी म्हणाली.

दुसरा संशय स्पीकरवाल्यावर, कारण यंत्र त्यानेच बसवलं होतं. त्याच्या दुकानात भिंतभर स्पीकर होते आणि सगळे एकदम चालू. त्यामुळे त्याला ओरडूनच बोलायची सवय, आणि त्याने कानात सांगितलेलं गुपितही पलीकडच्या फुटपाथवर पोचत असे. त्याने गाडीत बसून सगळं तपासलं. आवाज झकास, नकाशा बिनचूक, वायरी जागच्या जागी.

"आता काहीसुद्धा बिघाड नाही बघा!" तो गरजला.

"आता?" आत्या म्हणाली.

त्या दुकानात पहिल्यांदाच तो हळू बोलला. म्हणजे, तसं नव्हे, आपलं म्हणायची एक पद्धत. आत्याने विचारलं, आधी काय होतं? तो वायरींचा एक गुंता सोडवायला लागला. गुंता मुळातच सुटलेला होता. गिऱ्हाइकाने यंत्र बसवून घेतलं, त्यासोबत आणखी काय करून घेतलं, हे तो दुसऱ्याला सांगत नसे. घरच्यांना तर नाहीच नाही.

"ते आता नाहीत," थोरली म्हणाली.

स्पीकरवाल्याने वायरी खाली ठेवल्या. "माहीत आहे, ताई. म्हणून तर."

घरी येईपर्यंत थोरली तेच मनात घोळवत राहिली. बायको-मुलांपासून लपवण्यासारखं बाबांनी या गाडीत असं काय करून घेतलं होतं? त्यात बाईचा आवाज. जन्मभर रहस्यकथा वाचल्याचा हा तोटा, की मनाला नको त्या वाटा पाठ असतात.

४

राहिले सल्लागार काका. भिंतीला भिंत लागून घर, आणि बाबांचे सगळ्यात जवळचे मित्र. त्यांच्याकडे सल्ला मागावा लागत नसे. दार उघडल्या उघडल्या त्यांनी थोरलीला गाडी कशी उभी करावी ते सांगितलं आणि आत्याला दात कसे घासावेत ते सांगितलं. आत्याने निमूटपणे ऐकून घेतलं आणि खोलीभर नजर फिरवली. काकांच्या चष्म्याच्या काडीला निळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. छत्रीच्या मुठीला तीच पट्टी. रिमोटला, खुर्चीच्या हाताला, फाटकाच्या कडीलाही तीच.

"तुमचा जरा सल्ला हवा होता," आत्या म्हणाली. "बॉनेट कसं उघडतात?"

काका चपला न घालताच निघाले. एका झटक्यात त्यांनी बॉनेट वर केलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. बॅटरीला जोडलेल्या वायरीच्या टोकाशी निळी पट्टी होती. चष्म्यावर होती तशीच, नीट, एकावर एक घडी बसवून गुंडाळलेली.

काका पायरीवर बसले. बराच वेळ त्यांना सल्ला सुचला नाही.

"उभ्या गाडीची बॅटरी उतरते," ते शेवटी म्हणाले. "वायर सोडवून ठेवली की टिकते. मी मुलाकडे परगावी जायचो, तेव्हा तुझा बाबा माझ्या गाडीची सोडवून ठेवायचा. मी यायच्या आधी जोडूनही टाकायचा. कधी बोलून दाखवलं नाही त्याने."

जास्तीची चावी पहिल्यापासून त्यांच्याकडेच असे. मित्र गेल्यावर त्यांनी वायर सोडवली. थोरली गाडी काढणार म्हणून कळलं, तेव्हा सकाळीच येऊन जोडली आणि सैल वाटली म्हणून वर पट्टी मारली. मग वहिनींनी गाडीचं डोकं फिरल्याचं सांगितलं आणि काकांची वाचाच बसली.

आत्या म्हणाली, तुम्ही चांगलंच काम केलंत. इतक्या वर्षांत कोणी असं न म्हटल्यामुळे असेल, पण काकांना गहिवरून आलं आणि ते मित्राच्या गोष्टी सांगू लागले. डोळे दाखवायला तोच त्यांना नदीपलीकडे न्यायचा. गाडी अशी झोकात चालवायचा, की पुलावर वारं नुसतं भणाणायचं. निघायच्या आधी पडद्यावर दोन-चार वेळा बोटं मारायचा. काकांना वाटे, गाणं बदलतोय. गाणं काही बदलत नसे.

"पुलावरून?" थोरलीने विचारलं. "पण आईला तर—"

आत्याने तिच्या हातावर हात ठेवला. काका गेल्यावर थोरली म्हणाली, मग सुटलं कोडं. वायर काढली, यंत्र विसरलं.

"अर्धंच सुटलं. दुकानातून आलं तेव्हा यंत्र असंच होतं. म्हणजे आता ते बरं आहे, पोरी. बिघडलेलं होतं ते आधी. सात वर्षं." आत्याने बॉनेट खाली ढकललं. "ते कोणी बिघडवलं?"

५

आत्याने कोणी ते सांगितलं, आणि का तेही. थोरलीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, हे आईला कळायला नको. आईजवळ 'नकाशा' आहे, तेवढा तरी राहू दे.

"मग गाडी जाईल," आत्या म्हणाली.

थोरलीने स्पीकरवाल्याला रविवारी यायचा निरोप धाडला.

रविवारी आत्याने सगळ्यांना गाडीतच गोळा केलं. आई आपल्या जागेवर हवी, असा तिचा हट्ट होता. थोरली स्टीअरिंगपाशी, दोन उशांना टेकून. शेजारी आई. मागे काका, आत्या आणि धाकटा, बरणीत कोंबल्यासारखे. स्पीकरवाला खिडकीशी वाकून उभा. ऑफिसातलं गिऱ्हाईक वेळेआधीच आलं होतं. ते गाडीभोवती फिरत पत्र्यावर टिचक्या मारत होतं, आणि धाकटा आतून त्याला जरा थांबायच्या खुणा करत होता.

"वहिनी," आत्या म्हणाली, "ही बाई नवी नाही. पहिल्या दिवसापासून ती या गाडीत आहे."

धाकट्याने कपाळाला हात लावला. आत्याने खिडकीकडे बघितलं, तसा स्पीकरवाला कबूल झाला. बाईचा आवाज त्याने फक्त ड्रायव्हरच्या दारातल्या स्पीकरमध्ये सोडला होता, तोही अगदी हळू. पडद्यावर नकाशाऐवजी गाण्यांचं चित्र ठेवलं होतं. साहेबांनीच सांगितलं होतं, शेजारी बसणाऱ्याला कळता कामा नये.

"कशासाठी?" आईने विचारलं.

"जुन्या गाडीत तो टायरची हवा बघायला उतरायचा?"

"उतरायचे की. दोनदा, तीनदा. मग समोरच्या दुकानात जाऊन पाणीबिणी प्यायचे."

"आणि या गाडीत?"

"हिचे टायर चांगले—" आई म्हणाली आणि थांबली.

बाकीचं आत्याने सावकाश सांगितलं. टायरच्या निमित्ताने उतरायचं, ते दुकानात रस्ता विचारायला. भर उन्हाळ्यात इंजिन गरम करायला आधी उतरायचं, ते पत्ता घालायला. पाहुण्यांना फोनवर रस्ता सांगायचा नाही, कारण सांगणार काय? लहानपणी शाळेत जाता-येताना तो आत्याच्या वेणीला धरून चालायचा. एकदा ती तापाने पडली, तर हा भलत्याच शाळेत जाऊन बसला. मास्तरांच्याही संध्याकाळपर्यंत लक्षात आलं नाही.

"म्हणजे त्यांना रस्ते माहीत नव्हते."

"एकही नाही."

"सात वर्षं मी सगळ्यांना सांगत सुटले, की आमच्या घरात नकाशा लागत नाही. आणि ती बाई त्यांच्या कानाला लागलेली."

"तू झोपलेली असायचीस," धाकटा मागून समजूत घालत म्हणाला.

"झोपलेली नसायचे." आई समोर बघत होती. "जुन्या गाडीत पूल लागायचा. तेव्हापासून डोळे मिटायची सवय. पुलाची भीती वाटते मला. एवढ्या मोठ्या बाईने ते कोणाला सांगायचं? त्यांनाही कधी सांगितलं नाही."

मग आत्याने स्पीकरवाल्याला विचारलं, की पूल टाळायचा झाला तर? त्याने सांगितलं, की त्या पुलाला टोल आहे. टोलचा रस्ता नको असं यंत्रात लावलं, की ते लांबून नेतं. तेही साहेबांनी शिकून घेतलं होतं. धाकटा म्हणाला, बरोबर, बाबा टोल वाचवत असणार. आईलाही ते पटलं. आत्या काकांकडे वळली.

"तुम्हाला कुठून न्यायचा?"

"पुलावरून," काका पुटपुटले. "नेहमीच."

"ऐकलंस, वहिनी? काका शेजारी असले, की पूल चालू. तू असलीस, की पूल बंद. म्हणून निघण्याआधी बोटं मारावी लागायची. तुला जवळचा म्हणून दाखवला तो रस्ता चांगला लांबचा आहे. तू त्याला सांगितलं नाहीस, त्याने तुला सांगितलं नाही. यंत्राला तेवढं दोघांचंही माहीत होतं, आणि त्याची या भल्या माणसाने वायर सोडवली."

६

गिऱ्हाइकाने काचेवर टकटक केली. आई दार उघडून उतरली, पदर सारखा केला आणि गाडी द्यायची नाही म्हणून त्याला सांगितलं. तुम्हाला पुलाची भीती वाटते का, असंही विचारलं. तो गोंधळून नाही म्हणाला. मग तुम्हाला ही कशाला हवी, असं म्हणून तिने त्याला चहाला वर पाठवलं, धाकट्याबरोबर.

स्पीकरवाल्याने विचारलं, यंत्र पुन्हा होतं तसं करून देऊ का? त्याला वेळ लागणार नव्हता. थोरलीने आईकडे बघितलं. बोली तशीच झाली होती, अगदी पूर्वीसारखं.

"पूर्वीसारखं कसं होईल?" आई म्हणाली. "राहू दे. बोलू दे तिला मोठ्याने. इतकी वर्षं काय सांगत होती, ते मलाही ऐकू दे."

"आणि पूल?"

आईने पट्टा ओढला. तो लागेना. मग लागला. "पुलाचं मी बघते. तू हळू चालव."

आत्या आणि काका उतरले, आणि दोघी मावशीकडे निघाल्या. पूल आला तशी आईने डाव्या हाताने दाराची मूठ धरली, पण डोळे मिटले नाहीत. ती बोलत सुटली. भलत्या शाळेच्या मास्तरांबद्दल बोलली, दुसऱ्यांच्या दुकानांत बाबा जे पाणी प्यायले त्याबद्दल बोलली, लग्नाआधी ते तिला पहिल्यांदा भेटायला उशिरा आले होते आणि कामाचं कारण सांगितलं होतं, ते काम आत्ता कळलं म्हणाली. खाली नदी केवढी रुंद आहे हे मधेच तिच्या लक्षात आलं, तेव्हा आवाज आणखी चढला. पूल संपता संपता बाईने काहीतरी सांगितलं. ते दोघींपैकी कोणालाच ऐकू गेलं नाही.

थोड्या वेळाने एका बाजूला बंद कारखान्याची भिंत आणि दुसऱ्या बाजूला मोकळं मैदान, असा रस्ता लागला. मावशीच्या घराच्या वाटेवर असलं काही नव्हतं. बाई मागे वळायला सांगू लागली. आईने तिला गप्प केलं आणि थोरलीने गाडी कडेला घेतली.

खांद्यावर शिडी घेऊन एक माणूस चालला होता. थोरली उतरायला लागली, तेवढ्यात आईने काच खाली करून त्याला हाक मारली आणि पत्ता विचारला. त्याने शिडी भिंतीला टेकवली आणि आधी उजवीकडे, मग डावीकडे हात करत समजावायला सुरुवात केली. सायकलवरून जाणारा एक जण ते ऐकून थांबला. त्याच्या मते पहिल्याचं साफ चुकत होतं. दोघांची जुंपली. आईने कोपर खिडकीबाहेर काढून टेकवलं आणि लक्षपूर्वक दोघांचं ऐकू लागली.

"इंजिन बंद कर," मागे न बघता ती थोरलीला म्हणाली. "यांना वेळ लागेल."